हाऊजीला बसण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीचे हळदीकुंकू असो, गणपती असो की कोजागिरीचे मसाला दूध, आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत आता हाऊजीचा डाव बसतोच. माईक बहुतेक वेळा माझ्या हातात असतो, म्हणून प्रश्नही माझ्याकडेच येतात. काही डाव सुरू होण्याआधी येतात, काही डाव चालू असताना, आणि सगळ्यात तिखट प्रश्न रात्री घरी गेल्यावर फोनवर येतात. नेहमीचे प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. सोपे वर आहेत, भांडणाचे खाली.

१. हाऊजी, तंबोला आणि बिंगो एकच का?

हाऊजी आणि तंबोला एकच. कोणी हाऊसी म्हणते, कोणी हाऊजी, खेळ तोच: १ ते ९० आकड्यांच्या सोंगट्या पिशवीतून एकेक काढून पुकारायच्या आणि पाटीवर लावायच्या, आणि आपल्या तीन ओळींच्या तिकिटावर तो आकडा असेल तर कापायचा. इंग्लंडमधल्या बिंगो हॉलमध्येही ९० आकड्यांचाच खेळ चालतो, पण तिथे बक्षिसे साधारण तीनच असतात: एक ओळ, दोन ओळी आणि पूर्ण तिकीट. जल्दी फाइव, फोर कॉर्नर असली आपल्याकडची बक्षिसांची रांग तिथे नसते.

अमेरिकेतला बिंगो वेगळा. त्यात ७५ आकडे, पाच बाय पाचचे कार्ड, मधले घर फुकट, आणि उभ्या रांगांवर बी, आय, एन, जी, ओ ही अक्षरे. मोबाईलवर ‘बिंगो’ शोधून नियम पाठ करून येणारी मंडळी हमखास हाच खेळ वाचून आलेली असते आणि आपल्या तिकिटावर मधले फुकट घर शोधत बसते. ते आपल्यात नाही.

२. तिकिटावर एवढी रिकामी घरे काऊन असतात? छापताना चुकले का?

चुकले नाही. तिकिटावर तीन आडव्या ओळी आणि नऊ उभ्या रांगा, म्हणजे २७ घरे. त्यातल्या १५ घरांत आकडे आणि १२ रिकामी. प्रत्येक आडव्या ओळीत बरोबर पाच आकडे. उभ्या रांगांचेही ठरलेले आहे: पहिल्या रांगेत १ ते ९, दुसरीत १० ते १९, तिसरीत २० ते २९, असे करत शेवटच्या रांगेत ८० ते ९०. म्हणून ६६ पुकारला की सारे तिकीट चाळायचे नाही, सातव्या रांगेत नजर टाकायची. ज्यांना हे उमगले त्या तीन-तीन तिकिटे घेऊन गप्पाही मारतात.

पुढच्या उत्तरांसाठी हे एक तिकीट डोळ्यांपुढे ठेवा:

वरची ओळ: १२, २३, ४१, ६०, ७४
मधली ओळ: ४, २८, ५५, ६६, ८२
खालची ओळ: ९, १७, ३६, ७८, ९०

३. नंबर पेनने कापायचा की दाणे ठेवायचे?

कागदी तिकीट एकदाच वापरायचे असेल तर पेन. कापताना आकडा वाचता येईल अशी एकच तिरपी रेघ मारा. काही बाया आकडा असा गिरवतात की तपासताना ३६ होता की ३८ ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि आकडा वाचता येत नसेल तर मी बक्षीस देत नाही.

लॅमिनेशन केलेल्या तिकिटांवर तुरीचे किंवा हरभऱ्याचे दाणे ठेवतात. ते बरे, तिकिटे वर्षानुवर्षे चालतात. फक्त कूलरच्या झोतात बसू नका, आणि मांडीवर लेकरू असेल तर पेनवालेच तिकीट मागा.

४. जल्दी फाइव, टॉप लाइन, फुल हाऊजी म्हणजे नेमके काय?

जल्दी फाइव: तिकिटावरचे कोणतेही पाच आकडे सर्वांत आधी कापले गेले तर. ओळ एकच असण्याची गरज नाही. वरच्या तिकिटावर ४, १७, ४१, ७८ आणि ९० निघाले की झाले. हे बक्षीस सगळ्यात लवकर जाते.

टॉप, मिडल, बॉटम: वरची, मधली किंवा खालची ओळ पूर्ण. त्या ओळीचे पाचही आकडे हवेत. दोन तिकिटांच्या ओळी जोडून चालत नाही. हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच.

फुल हाऊजी: पंधराही आकडे. पहिले फुल गेल्यावर मंडळ पुढे आकडे काढत राहिले तर दुसऱ्या पूर्ण तिकिटाला सेकंड हाऊजी.

याशिवाय प्रत्येक गावाची हौस असते. ‘टेम्परेचर’ म्हणजे तिकिटावरचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा, आपल्या तिकिटावर ४ आणि ९०. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे पहिल्या तीन उभ्या रांगांतले सारे आकडे, ‘लंच’ मधल्या तीन रांगांतले, ‘डिनर’ शेवटच्या तीन रांगांतले. ही बक्षिसे मला फारशी पटत नाहीत. आपल्याच तिकिटावर मोजा: ब्रेकफास्टला सहा आकडे लागतात, लंचला फक्त तीन (३६, ४१, ५५), आणि डिनरला पुन्हा सहा. शेजारणीच्या तिकिटावर लंचला सहा असले तर ती बिचारी बसल्या जागीच मागे पडली. ओळीत सगळ्यांना पाचच, तिथे हा दुजाभाव नाही.

पिरॅमिड, लकी सेव्हन यांचे नियम गावोगावी बदलतात. ती बक्षिसे ठेवायचीच असतील तर एक तिकीट हातात धरून, बोट ठेवून समजावून सांगा.

५. माझ्या तिकिटाच्या वरच्या कोपऱ्यात आकडाच नाही. मग मला फोर कॉर्नर मिळणारच नाही का?

मिळेल. कॉर्नर म्हणजे कागदाचा कोपरा नव्हे. वरच्या ओळीतला पहिला व शेवटचा आकडा, आणि खालच्या ओळीतला पहिला व शेवटचा आकडा. प्रश्न २ मधल्या तिकिटावर वरच्या ओळीची दोन्ही टोकाची घरे रिकामी आहेत, कारण तिची सुरुवात १२ ने होते आणि शेवट ७४ ने. तरी त्याचे कॉर्नर १२, ७४, ९ आणि ९० हेच. हे माहीत नसल्याने कितीतरी जणींनी आलेले बक्षीस घालवले आहे. जिंकलेल्या कधी तक्रार करत नाहीत, म्हणून गैरसमज तसाच राहतो.

६. बोगी झाली म्हणजे काय होते?

तुम्ही बक्षीस मागितले, तपासणीत आकडा चुकला, की बोगी. रूढ नियम असा की ते तिकीट त्या डावापुरते बाद. पुढे त्यावर काहीच मागता येत नाही. डाव मात्र आहे तिथूनच चालू राहतो, आधी निघालेले आकडे रद्द होत नाहीत. तुमच्याकडे दुसरे तिकीट असेल तर ते शाबूत.

काही मंडळे मवाळ आहेत. पहिल्या बोगीला तेवढे एकच बक्षीस बाद धरतात, तिकीट चालू ठेवतात. नवख्या बायांच्या डावाला हे बरे. पण मवाळ की कडक, ते पहिला आकडा निघण्याआधी माईकवरून सांगितले पाहिजे. सरपंचांच्या घरच्या बाईची बोगी झाल्यावर नियम मवाळ होतो, आणि मग अर्धे समाजमंदिर उठून जाते.

पुकारणाऱ्याचीच चूक असेल, म्हणजे आकडा चुकीचा वाचला गेला असेल, तर ती बोगी धरत नाहीत. त्यासाठी प्रश्न ८ आणि ९ पाहा.

७. ‘टू फॅट लेडीज’ वगैरे काय ओरडतात? आपल्या मराठीत काही नाही का?

इंग्लंडमधल्या बिंगोत आकड्याला टोपणनाव जोडून पुकारायची जुनी रीत आहे. ८८ ला दोन जाड बाया, २२ ला दोन बदके, ११ ला पाय, कारण ते आकडे तसे दिसतात. ९ ला ‘डॉक्टरांचा हुकूम’ म्हणतात, कारण तिकडच्या फौजेत डॉक्टर ९ नंबरची जुलाबाची गोळी द्यायचे. १० ला तिथल्या पंतप्रधानाचे नाव घेऊन ‘अमक्याचे घर’ म्हणतात, कारण त्याच्या घराचा नंबर १०. पंतप्रधान बदलला की पुकाराही बदलतो. ९० ला ‘टॉप ऑफ द हाउस’, तेवढे आपल्याकडेही चालते.

८८ चा तो पुकारा मी करत नाही. समोर बाया बसलेल्या असताना त्यांच्याच अंगावर विनोद कशाला? आपल्याकडे पुकारायला थोडे आहे का: ७ सप्तपदी, १६ सोळा सोमवार, १८ पुराणे, २७ नक्षत्रे, ३२ बत्तीशी, ५२ पत्ते, ६४ कला. विदर्भाचे म्हणाल तर ३६ ला सेवाग्राम (गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले), ४२ ला चिमूर (१९४२ चा लढा), ५६ ला दीक्षाभूमी, ७८ ला शेगाव, कारण गजानन महाराजांचे प्रकटन १८७८ चे. ८२ ला गडचिरोली, जिल्हा त्या वर्षी झाला म्हणून. ४५ ला ‘मे महिन्यातले चंद्रपूर’ म्हटले की सारे हसतात आणि पदराने वारा घेतात.

मात्र टोपणनावामागून लगेच आकडा सांगायचाच. नुसते ‘विदर्भाचे जिल्हे’ म्हणून थांबलात तर तरणी सून ११ कापेल आणि सासू ८, कारण गडचिरोली, वाशीम आणि गोंदिया वेगळे होण्याआधी जिल्हे आठच होते. दोघीही खऱ्या, आणि बोगी सासूची.

८. एकोणसाठ ऐकून एकोणसत्तर कापला. ही माझी चूक की पुकारणाऱ्याची?

नियमाने तुमची, पण दोष माईकचाही आहे. एकोणसाठ-एकोणसत्तर, एकोणऐंशी-एकोणनव्वद, बासष्ट-बहात्तर या जोड्या कर्ण्यातून सारख्याच ऐकू येतात, त्यात मागे पिठाची गिरणी चालू असली की विचारूच नका. हिंदीत पुकारले तर उन्यासी आणि नवासीचा तोच गोंधळ. शिवाय शाळेतली लहान पोरे आपल्या आज्यांना मदत करायला बसतात. २०१९ पासून बालभारतीच्या दुसरीच्या गणितात त्रेसष्टला ‘साठ तीन’ असेही शिकवायला सुरुवात झाली. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली होती, पण हाऊजीच्या माईकला ती पद्धत सोयीची आहे, हे मान्य करावे लागते.

माझी पद्धत अशी: आधी अंक सुटे, मग नाव, मग पुन्हा अंक. ‘पाच, नऊ. एकोणसाठ. पाच, नऊ.’ एकेरी आकड्याला ‘नुसता नऊ’. प्रत्येक आकड्याला चार सेकंद जास्त जातात, पण बोगीवरून होणारी हुज्जत टळते.

चुकीचा आकडा कापला गेला असेल तर लगेच शेजारणीला दाखवून त्याच्याभोवती गोल करा आणि कापणी रद्द समजा. तो आकडा पुढे खरेच निघाला तर तेव्हा धरता येतो. तपासणी नेहमी पाटीवर लागलेल्या सोंगट्यांवरून होते, तुमच्या रेघांवरून नाही.

९. पिशवीतून ६ निघाला की ९, हे कसे ओळखायचे?

बाजारातल्या सोंगट्यांवर इंग्रजी आकडे असतात, आणि चांगल्या संचात आकड्याखाली रेघ असते. रेघ नसेल तर डाव सुरू होण्याआधी मार्करने मारून घ्या. फक्त ६ आणि ९ ला मारून भागत नाही. ६८ उलटा धरला की ८९ होतो आणि १९ उलटा की ६१. एक नुसत्या उभ्या रेघेचा असेल तर १८ आणि ८१ चीही तीच गत. ६६ चे भय नाही, उलटा केला तर ९९ होतो आणि तो खेळातच नाही.

चूक ध्यानात आली की पुकारणाऱ्याने तिथेच थांबून दुरुस्ती सांगावी. मधल्या काळात त्या आकड्यावर बक्षीस दिले गेले असेल तर ते परत घेणे जिवावर येते, म्हणून दर दहा आकड्यांनी पाटी एकदा वाचून दाखवावी.

१०. एका वेळी किती तिकिटे घ्यावी? जास्त घेतली तर जिंकणे पक्के का?

पक्के काहीच नाही. दुप्पट तिकिटे म्हणजे साधारण दुप्पट संधी, एवढेच. पहिल्यांदा बसत असाल तर एक, फार तर दोन.

हिशेबाने पाहिले तर एकच तिकीट पूर्ण व्हायला सरासरी ८५ आकडे लागतात, म्हणजे जवळजवळ पिशवी रिकामी होते. पण समाजमंदिरात ५० तिकिटे असली की त्यातले कुठले तरी एक बहुधा ७० व्या आकड्याच्या आसपास भरते. ‘माझे पाचच उरले आणि हिचे झालेही!’ असे वाटते ते यामुळे. मंडळींनी वेळही यावरूनच धरावा. तपासणी, हसणे-खिदळणे धरून एका डावाला पाऊण तास. मसाला दूध त्या हिशेबाने गॅसवर ठेवा.

११. माझी ओळ झाली होती, पण हात वर करेपर्यंत पुढचा नंबर निघाला. बक्षीस जाते का?

सगळ्यात जास्त भांडणे याच्यावर. कडक नियमात जाते. ज्या आकड्याने ओळ पूर्ण झाली, त्याच आकड्यावर, पुढचा पुकारण्याआधी मागायला हवे. समजा वरच्या तिकिटावर ७४ ने टॉप लाइन झाली आणि तुम्ही गप्प राहिलात. पुढे ३० निघाला. आता ३० तुमच्या ओळीत नाही, म्हणून मागणी शिळी. काही ठिकाणी शिळ्या मागणीला सरळ बोगी धरतात. ते मला जास्तच कठोर वाटते.

सैल नियमात, दुसऱ्या कोणी मागितले नसेल तोवर कधीही मागता येते. खेड्यातल्या मिश्र मेळ्याला, जिथे आज्या चष्मा पुसत खेळतात, सैल नियमच बरा.

आता यातली खरी गोम: ‘पुढचा आकडा निघाला’ हे कधी धरायचे? सोंगटी पिशवीबाहेर आल्यावर, की तोंडातून शब्द निघाल्यावर? मी म्हणते, पहिला अंक माईकवर ऐकू आला की निघाला. त्याआधी ‘थांबा जी!’ ऐकू आले तर मागणी ताजी.

कडक नियमात एखादी ओळ कोणाकडेच जात नाही, असेही होते. ते बक्षीस बहुतेक मंडळे सेकंड हाऊजीला देतात किंवा उरलेल्या तिकिटांतून चिठ्ठी काढतात.

१२. दोघींची एकाच नंबरवर झाली तर?

दोघींनी त्याच आकड्यावर मागितले असेल तर बक्षीस दोघींचे. कोण आधी ओरडले हे पाहू नये. माईकजवळ बसलेलीचा आवाज आधी पोचतो, मागे दाराशी बसलेलीचा नाही. स्टीलचा डबा अर्धा करता येत नाही, म्हणून दोघींत चिठ्ठी टाका किंवा राखीव म्हणून दोन-चार लहान वस्तू (गाळणी, चिमटा) आणून ठेवा.

१३. एकाच तिकिटावर दोन बक्षिसे एकदम लागू शकतात का?

दोन ओळी एकदम नाही, कारण एक आकडा तिकिटावर एकदाच येतो. पण ओळ आणि कॉर्नर एकदम लागू शकतात. आपल्या तिकिटावर १२, ९, ९०, २३, ४१ आणि ६० कापून झाले आणि वर ७४ आला, तर टॉप लाइनही झाली आणि फोर कॉर्नरही. दोन्ही नावे घेऊन मागा. नुसते ‘झाले!’ म्हणाल तर मी एकच तपासते, आणि दुसरे आठवेपर्यंत प्रश्न ११ ची वेळ येते.

एका तिकिटाला एकच बक्षीस, असा नियम काही गावांत असतो. बक्षिसे जास्त घरांत जातात, म्हणून मला तो आवडतो. पण मग फुल हाऊजीला तो लागू नाही, हेही सांगून ठेवावे. नाहीतर जल्दी फाइव जिंकलेली बाई शेवटपर्यंत उगीच बसून राहते.

१४. तिकिटे कमी पडली तर झेरॉक्स काढली तर चालते का?

नाही! एकाच तिकिटाच्या दहा प्रती वाटल्या की दहा जणी एकाच आकड्यावर उभ्या राहतात. एका गावात असेच झाले, एका कढईला आठ वारस निघाले आणि शेवटी कढई मंदिराच्या महाप्रसादाला दिली.

छापील तिकिटे सहाच्या पानात येतात. त्या सहा तिकिटांत मिळून १ ते ९० मधला प्रत्येक आकडा एकदाच असतो. म्हणून सहाही तिकिटे एकाच घरात घेतली तर प्रत्येक पुकाऱ्याला एक तरी आकडा कापला जातो. मजा येते, जिंकण्याची खात्री मात्र नाही. हाताने तिकिटे लिहायची असतील तर प्रश्न २ ची मांडणी पाळा: ओळीत पाच, प्रत्येक उभ्या रांगेत किमान एक, आणि रांगेत लहान आकडा वर.

१५. मध्येच लाईट गेली, मोबाईल बंद पडला. डाव रद्द का?

सोंगट्या आणि पाटी असेल तर काहीच बिघडत नाही, टॉर्च लावा. मोबाईलच्या ॲपवर आकडे काढत असाल तर बाजूला एक जण वहीत निघालेले आकडे लिहीत बसलाच पाहिजे. ॲप बंद पडून पुन्हा उघडले की काही ॲप कोऱ्या पाटीने सुरू होतात, आणि मग निघालेलेच आकडे पुन्हा निघतात. वही असेल तर ते गाळून पुढे चला. वही नसेल तर पूर्ण झालेली बक्षिसे तशीच ठेवून उरलेल्यांसाठी नवा डाव. दुसरा मार्ग नाही.

१६. तिकिटाला पैसे घेतले तर जुगार होतो का?

हाऊजीत कसब नाही, सारा नशिबाचा मामला. अशा खेळावर पैसे लावून पैसे जिंकणे राज्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. म्हणून आमच्याकडे तिकीट फुकट, बक्षिसे वर्गणीतून, आणि तीही वस्तूंची: डबा, तवा, बादली, एखादी साडी. रोख पाकीट ठेवायचा आग्रह धरणारे एखादे भाऊ असतातच. त्यांना साडीचे पैसे द्यायला सांगा.

मोबाईलवर पैसे भरून खेळायच्या हाऊजीचे दुवे ग्रुपवर येतात, ते उघडू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. गावाबाहेरच्या पाहुण्यांसाठी तिकीट लावून मोठा कार्यक्रम करायचा असेल, तर तारीख छापण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारून या.